वंशावळीतली हरवलेली पिढी शेजाऱ्याच्या कागदात शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हापासून तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत सामान्य माणसांची ये-जा वाढली आहे. दाखल्यापुरता आलेला माणूस पणजोबांचे नाव मोडीत लिहिलेले पाहतो आणि आपले घराणे मूळचे कुठले, कोण कोणाचा कोण, हे जाणून घ्यावेसे त्याला वाटू लागते. ही ओढ फार मोलाची आहे. पण दोन-तीन पिढ्या मागे गेले की बहुतेकांचा शोध एकाच जागी अडतो, कारण मधला कागदच मिळत नाही. तो वाळवीने खाल्लेला असतो, छपराच्या गळतीत भिजलेला असतो किंवा तालुक्यांची फोड झाली तेव्हा भलत्याच कचेरीत गेलेला असतो. मग एकतर शोध सोडून दिला जातो, नाहीतर मधली पिढी अंदाजाने भरून वंशावळ पुरी केली जाते. पैसे घेऊन अशी पुरी वंशावळ करून देणारेही आता भेटतात. सोलापुरात मोडी वाचणारे आणि जुनी दप्तरे चाळणारे आम्ही काही जण हे पत्र लिहितो आहोत. कागद तुटला की सरळ वर चढण्याचा हट्ट सोडावा आणि आडवे जावे, म्हणजे भावकीच्या, बांधाच्या शेजाऱ्याच्या आणि साक्षीदारांच्या कागदांत शिरावे, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

सुरुवात कचेरीत करू नये, घरातल्या सर्वांत वयस्क बाईपासून करावी. पुरुष मंडळी आजा-पणजांची नावे सांगतात आणि थांबतात. कोणाची बहीण कोणत्या गावी दिली, कोण निपुत्रिक वारला, कोणाला दत्तक घेतले, कोणाची पहिली बायको बाळंतपणात गेली, हे बायकांना ठाऊक असते. ‘पणजोबांचे नाव काय?’ असे थेट विचारले तर उत्तर बहुधा येत नाही. ‘पितृपंधरवड्यात कोणाकोणाच्या नावाने घास टाकता?’, ‘लग्नाच्या अक्षता कोणत्या गावच्या भावकीला जायच्या?’, ‘सुतक कोणाचे धरायचे?’ असे विचारावे. सुतक जिथवर धरतात तिथवर भावकी. ज्या घरांत महालय श्राद्ध होते तिथे बाप, आजा, पणजा आणि आईकडच्याही तीन पिढ्या नावा-गोत्रासह उच्चारल्या जातात. ती नावे घरात कोणाला पाठ नसली तर उपाध्यायांना विचारावीत.

मग पेटी उघडावी. जन्मपत्रिका, गहाणखते, सारा भरल्याच्या पावत्या, गिरणीतले फंडाचे कागद, शाळा सोडल्याचे दाखले, सगळे एकत्र करावे. पत्रिकेतले नाव आणि हाक मारायचे नाव वेगळे असू शकते, तेव्हा दोन्ही टिपून ठेवावीत. दाखल्यावरची १ जून ही जन्मतारीख मात्र खरी मानू नये. जूनमध्ये शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय अंदाजाने धरून ती लिहिलेली असते. तिच्यावरून वर्षाचा अंदाज घ्यावा, तोही दोन-तीन वर्षे इकडे-तिकडे धरून.

जमीन असलेल्या घराण्याची मागची वाट सातबाऱ्यातून जाते. उताऱ्यावर नावापाशी वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक. एकेक फेरफार काढत मागे जायचे. वारसाचा फेरफार सर्वांत मोलाचा, कारण त्यात मयताचे नाव, मृत्यूचा काळ आणि वारस नात्यासह असतात. जोडीला गाव नमुना ६-क, म्हणजे वारस प्रकरणांची नोंदवही, मागावी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुलींची नावे या नोंदींत बहुधा येत नाहीत. त्यानंतर वारलेल्या बापाच्या फेरफारात ती सासरच्या आडनावानिशी दिसू लागतात. आत्या आणि आज्यांची सासरची गावे इथेच हाती लागतात, आणि त्या गावांची दप्तरे आपल्या घराण्यासाठी नवी खाण ठरतात.

या वाटेवर दोन जागी माणूस हमखास घसरतो. पहिली जागा एकत्रीकरणाची. १९४७ च्या कायद्याखाली जमिनींचे एकत्रीकरण झाले तिथे जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. आजचा गट नंबर सांगून १९३० चा कागद मागितला तर ‘नोंद नाही’ हेच उत्तर येणार. आधी एकत्रीकरण योजनेचा उतारा घ्यावा आणि आपल्या गटात कोणते सर्व्हे नंबर, कोणते पोटहिस्से गेले ते लिहून काढावे. दुसरी जागा ‘ए. कु. मॅ.’ किंवा ‘ए. कु. क.’ या अक्षरांची, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता. चार भाऊ असले तरी नाव थोरल्याचेच लागते. धाकटे तिघे उताऱ्यावर दिसत नाहीत म्हणून ते नव्हतेच असे होत नाही. ते वाटणीच्या फेरफारात, नाहीतर दिवाणी न्यायालयातल्या वाटणीच्या दाव्यात सापडतात. दाव्याच्या अर्जात वंशवेल काढलेली असते. एका बाजूने मांडलेली वंशवेल हा नुसता दावा समजावा. दुसऱ्या बाजूने आपल्या कैफियतीत तीच मान्य केली असेल तर तो फार बळकट पुरावा होतो, कारण भांडणारे भाऊबंद एकमेकांची सोय पाहत नाहीत.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. त्यामुळे फेरफारांची मालिका विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच कुठेतरी संपते. त्याच्या मागे भूमी अभिलेख खात्यातली मोजणीची कागदपत्रे, म्हणजे शेतवार पत्रक, आकारबंद आणि टिपण, आणि घराण्याला वतन-इनाम असेल तर त्याची दप्तरे.

नेमके कसे अडते आणि कसे सुटते, ते एका कल्पित उदाहरणावर दाखवतो. मोहोळ तालुक्यातले एक गाव, सर्व्हे नंबर ४२. मोजणीच्या वेळच्या, समजा १८५५ च्या, पत्रकात खातेदार ‘रामा बिन सिदा’. पुढचा मिळालेला कागद १९३१ चा फेरफार: ‘रामा सिदा मयत, वारस मुलगा सिदा रामा’. घरच्यांची समजूत अशी की रामा एकच. पण १८५५ मध्ये खातेदार असलेला माणूस तेव्हा विशीचा तरी असणार. तोच १९३१ मध्ये वारला असेल तर वय शंभरीजवळ जाते. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे. तेव्हा दोन रामा एकात मिसळले असून त्यांच्या मधला सिदा गळाला आहे, असा संशय घ्यायला जागा आहे. एकाच नावाने साठ-सत्तर वर्षे जमीन चाललेली दिसली की हा संशय घ्यावाच.

आता हा मधला सिदा ४२ नंबरच्या कागदात मिळणार नाही, कारण मधल्या वर्षांचे जमिनीचे गावदप्तरच शिल्लक नाही असे धरू. मग ४१ आणि ४३ नंबरांकडे जायचे. खरेदी-गहाणाचे दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असतात आणि त्यांना दोन सूची असतात, पहिली माणसांच्या नावांची आणि दुसरी मिळकतींची. लोक पहिल्या सूचीत आपले नाव पाहतात, ते नसले की परत फिरतात. दुसरी सूची गावानिशी पाहावी आणि आपल्या शेताला लागून असलेल्या नंबरांचे दस्त काढावेत. दस्तात चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंना कोणाची जमीन ते, असते. ४१ नंबरवाल्याने १८९३ मध्ये जमीन गहाण टाकली असेल तर त्या गहाणखतात ‘पूर्वेस सिदा बिन रामा याचे शेत’ असे शब्द मिळू शकतात. तेवढ्याने गळालेली पिढी जागेवर येते. ४२ नंबर त्या वर्षी रामाच्या मुलाकडे, सिदाकडे होता, आणि हे लिहिणाऱ्याला आपल्या वंशावळीशी काहीच देणेघेणे नव्हते. असा आपसूक आलेला उल्लेख हेतू धरून केलेल्या दहा प्रतिज्ञापत्रांहून वजनदार असतो.

तरीही तिथे थांबू नये. दस्ताच्या शेवटी साक्षीदार पाहावेत. सही न येणाऱ्या शेतकऱ्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’, बाईच्या नावापुढे ‘निशाणी बांगडी’ असे लिहिलेले दिसते. साक्ष घालणारा बहुधा भावकीतला, सोयरा नाहीतर बांधाचा शेजारी असतो. एका गावचे दहा-बारा दस्त काढून साक्षीदारांची नावे एका तक्त्यात लिहिली की तीच तीच नावे पुन्हा येऊ लागतात. त्या माणसांची घराणी शोधली की आपले घराणे कडेने उजळत जाते. मग मृत्यूच्या नोंदीत, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकात, १८९३ च्या पुढची वर्षे ओळीने पाहावीत. १८७६-७७ चा दुष्काळ, १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथी आणि १९१८ चा मानमोडी ताप (इन्फ्लुएन्झा) या काळात नोंदी दाट होतात आणि लिहिणाऱ्याची घाईही दिसते. १८७६ च्या दुष्काळानंतर एखादे नाव गावातून नाहीसे झाले तर माणूस मेलाच असे धरू नये. त्या वर्षांत पुष्कळ घरे गाव सोडून गेली. १८८१ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ पेक्षा कमी भरली, ती मृत्यू आणि स्थलांतर या दोन्हींमुळे.

जन्माच्या नोंदीचे एक वैगुण्य असे की त्यात मुलाचे नाव बहुधा नसते. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढेच. म्हणून जन्मनोंद, शाळेचे जनरल रजिस्टर आणि वारसाचा फेरफार या तिन्हींचा मेळ बसल्याखेरीज ही नोंद अमुक माणसाचीच असे लिहू नये. एका बापाला तीन मुलगे असतील तर नोंद तिघांपैकी कोणाचीही असू शकते.

मोडी दस्तात आडनाव शोधत बसणे हाही वेळेचा अपव्यय आहे. जुन्या नोंदींत नाव, बापाचे नाव, जात किंवा काम आणि गाव एवढेच असते. ‘बिन’ आणि ‘वलद’ यांच्यापुढे बापाचे नाव येते, ‘कोम’ यापुढे नवऱ्याचे. दोन भाऊ दोन गावी गेले आणि दोघांची आडनावे वेगळी झाली, असेही घडते. मोडीत शब्द सुटे नसतात, शिरोरेघ ओळभर आधीच ओढलेली असते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. एका ओळीच्या टोकाला अर्धे नाव आणि पुढच्या ओळीत उरलेले, हेही नेहमीचेच. वाचनाची शंका असेल तर त्याच लेखनिकाच्या हातचे त्या पानावरचे ठाऊक शब्द, जसे गावाचे नाव किंवा महिना, आधी ओळखावेत आणि त्यांच्यावरून त्याचे वळण बसवावे.

कागद कोणत्या कचेरीत असेल, यावर सोलापूरकरांनी विशेष ध्यान द्यावे. आपला जिल्हा आज दिसतो तसा पूर्वी नव्हता. सोलापूरची स्वतंत्र कलेक्टरी १८३८ मध्ये झाली, १८६४ मध्ये ती मोडली आणि काही वर्षांनी पुन्हा उभी राहिली. पहिल्या खेपेस तिच्यात इंडी आणि मुद्देबिहाळही होते, जे आज कर्नाटकात आहेत. पंढरपूर आणि सांगोला साताऱ्याकडून आले, माळशिरस १८७५ मध्ये आले. म्हणून माळशिरसच्या घराण्याने १८७५ आधीचा कागद सोलापुरात न मिळाल्यास साताऱ्याच्या दप्तराची चौकशी करावी. मंगळवेढा सांगली संस्थानात होते, अक्कलकोट स्वतःच संस्थान होते. दोन्ही १९४८ मध्ये विलीन झाली, तेव्हा तिथली जुनी वतन-इनामाची कागदपत्रे संस्थानी दप्तरातली. तुळजापूर, नळदुर्ग, उस्मानाबाद निजामाकडे, तिथे उर्दू येणारा माणूस सोबत लागतो. सोयरिकी या सगळ्या हद्दी ओलांडून होत, त्यामुळे बार्शीच्या माणसाची आजी हमखास निजामाच्या मुलखातली निघते. करमाळा-माढ्याची जी गावे उजनीच्या पाण्यात गेली, त्यांच्यासाठी भूसंपादनाचे निवाडे पाहावेत, त्यांत खातेदार आणि हिस्सेदार नावानिशी आहेत.

वतनदार घराण्यांना, मग ते पाटील, कुलकर्णी असोत की महार वतनदार, आणखी दोन मोठी साधने आहेत. एक म्हणजे १८५२ च्या कायद्याने इनामांच्या हक्कांची चौकशी केलेल्या इनाम कमिशनचे कागद आणि त्याआधीचे पेशवे दप्तर, जे पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. दुसरे म्हणजे १८७४ च्या वतन कायद्याखालच्या नोंदी आणि पुढे वतने खालसा होताना झालेली प्रकरणे: परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, कनिष्ठ गावकामगारांची १९५८ च्या आणि पाटीलकी १९६२ च्या. प्रत्येक वेळी हिस्सेदार आणि वारस लिहून घेतले गेले. पण इनाम कमिशनपुढे दिलेली वंशावळ इनाम राखण्यासाठी दिलेली असते, हे विसरू नये. तिच्यात दत्तक घेतलेला औरस म्हणून आणि निपुत्रिक शाखा वगळून दाखवलेली असू शकते.

कालगणनेत चूक झाली तर बाप मुलानंतर जन्मतो. पेशवाईतल्या कागदावर शुहूर सन अरबी शब्दांत असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे वर्ष मृगापासून सुरू होते. जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मेअखेर ६०० मिळवले की इसवी सन येतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, ती याच ११६१ मध्ये पडते, तेव्हा हिशेब ताडून पाहता येतो. फसली, म्हणजे महसुली, सनात तसेच ५९० आणि ५९१ मिळवायचे. पण हैदराबाद संस्थानात फसली वर्ष आझर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून लागे. जुलै १९४८ हा महिना मृगाच्या हिशेबाने फसली १३५८ आणि निजामाच्या हिशेबाने १३५७. एकाच सोयरिकीचे दोन कागद सीमेच्या दोन बाजूंना एक वर्षाच्या फरकाने दिसतात ते यामुळे. शकात ७८ मिळवावे, चैत्र लागण्याआधीच्या जानेवारी-मार्चसाठी ७९.

परदेशी गेलेली मुले म्हणतात की अमेरिकेत घराण्याचे सगळे कागद जागच्या जागी असतात, आपल्याकडे काही नाही. हा गैरसमज आहे. तिथल्या सुरुवातीच्या घराण्यांचा माग काढणे आपल्याइतकेच तुटक आहे. कालगणना घ्या. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला बदले आणि त्या वर्षी सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ आली. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म त्या वेळच्या नोंदीप्रमाणे ११ फेब्रुवारी १७३१ चा आणि आजच्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२ चा. तिथली पहिली जनगणना १७९० ची, पण १८४० पर्यंत तिच्यात फक्त घरच्या कर्त्याचे नाव, बाकीची माणसे नुसते आकडे, अगदी आपल्या ‘ए. कु. मॅ.’ सारखी. सर्व स्वतंत्र माणसांची नावे १८५० पासून, कर्त्याशी नाते १८८० पासून. १८९० ची जवळजवळ सारी पत्रके वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीनंतर गेली. व्हर्जिनियातल्या अनेक काउंट्यांनी आपली न्यायालयीन दप्तरे सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवली होती, ती १८६५ च्या एप्रिलमधल्या आगीत जळाली. तिथले अभ्यासक काय करतात? १७८२ पासूनची करपत्रके वर्षानुवर्षे ओळीने वाचतात. एखाद्या घरात करपात्र तरुण नव्याने दिसला की मुलगा वयात आला असे ताडतात. शेजाऱ्यांच्या खरेदीखतांतल्या हद्दी आणि साक्षीदार तपासतात. ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ अशी एकाच नावाची दोन माणसे दिसली तर ती बापलेकच असतील असे मानत नाहीत, कारण त्या काळी गावातल्या एकाच नावाच्या कोणत्याही दोघांना तसे ओळखत. आपल्या दोन रामांसाठी हीच सावधगिरी हवी.

तिथल्या गुलाम केलेल्या माणसांची स्थिती याहून कठीण. १८५० आणि १८६० च्या पत्रकांत मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण. राष्ट्रीय जनगणनेत त्या बहुतेकांची नावे १८७० मध्ये प्रथम आली. त्यांचे वंशज म्हणून मालकांची मृत्युपत्रे आणि विक्रीखते वाचतात. आपल्याकडच्या भूमिहीन घराण्यांनाही दुसऱ्याच्याच कागदांतून जावे लागते: मालकाच्या वहीतली सालगड्याची नोंद, सावकाराची खातेवही, बलुत्याचा हिशेब. ज्यांचे पूर्वज सातबाऱ्यावर कधी नव्हते त्यांना ‘तुमचे काही मिळणार नाही’ असे सांगून परत पाठवणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

शहरातल्या गिरणी कामगारांच्या आणि विणकरांच्या घराण्यांचे तसेच. सोलापूरची ‘जुनी गिरणी’ १८७७ ची. तिच्यामागोमाग दुसऱ्या गिरण्या आल्या आणि माणसे लांबून इथे आली. गिरण्यांची हजेरीपत्रके आता क्वचितच मिळतात. म्हणून नगरपालिकेच्या काळापासूनची जन्म-मृत्यूची रजिस्टरे, नगर भूमापनाची मिळकत पत्रिका, घरपट्टीचे आकारणी रजिस्टर आणि शाळांची जनरल रजिस्टरे यांवर भर द्यावा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांत घराण्याचे नाव आधी आणि माणसाचे नंतर येते. मराठी कारकुनाने ते कधी शेवटी टाकले, कधी गाळले. नाव ‘ए’ आणि ‘ये’ अशा दोन्ही वळणांनी लिहिलेले धरून शोधावे. ख्रिस्ती कुटुंबांना बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांचा आधार असतो, त्यांत पूर्वीचे नाव आणि मूळ गाव मिळू शकते. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत, १८३१ मध्ये अहमदनगरला आणि पुढे सोलापुरात आले. त्याची पालक संस्था अमेरिकन बोर्ड. तिची कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात जपलेली आहेत, आणि आपल्या भागातल्या मिशनऱ्यांची पत्रे त्यांत आहेत.

आमच्या भागात लिंगायत, मराठा आणि इतर घरांकडे वंशावळी सांगणारे हेळवी येतात, काही घरांकडे भाट येतात. त्यांची वंशावळ टाकाऊ मुळीच नाही. पण ऐकताना आपण आधी नावे सांगू नयेत. त्यांनी आपल्या पोथीतून वाचावे, आपण ध्वनिमुद्रण करावे आणि नंतर एखाद्या फेरफाराशी ताडावे. तीर्थक्षेत्री जाताना आजचा पत्ता सांगून उपयोग नाही. जात, आडनाव आणि मूळ गाव सांगावे, कारण उपाध्यांच्या वह्या त्या क्रमाने लावलेल्या असतात. नाशिक-त्र्यंबक, पंढरपूर, तुळजापूर, काशी, गया, हरिद्वार अशी ही साखळी आहे. या नोंदीचे बळ असे की आलेल्या यात्रेकरूने ती स्वतः सांगितलेली असते. हरिद्वारच्या कितीतरी वह्यांच्या सूक्ष्मफिती (मायक्रोफिल्म) १८९४ मध्ये स्थापन झालेल्या, अमेरिकेच्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने केल्या आहेत.

नोंद मिळाली की नुसत्या नावाच्या ओळीचा फोटो काढू नये. पूर्ण पान, मागचे-पुढचे पान आणि रजिस्टरचे मुखपृष्ठ घ्यावे. कचेरी, गाव, रजिस्टर, वर्ष, अनुक्रमांक लिहावा. जिथे काही मिळाले नाही तेही लिहावे: अमुक गावाची अमुक ते अमुक वर्षे पाहिली, नोंद नाही. महत्त्वाच्या पानाची खरी नक्कल घ्यावी. घरचा जुना कागद प्लास्टिकमध्ये बंद करू नये, चिकटपट्टी लावू नये, सुती रुमालात कोरड्या जागी ठेवावा. वंशवेल काढताना कागदाने सिद्ध नाते सरळ रेघेने, आडव्या पुराव्यावरून ठरवलेले तुटक रेघेने दाखवावे आणि ऐकीव नात्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. जिथे काहीच नाही तिथे चौकट कोरी सोडावी. एक खोटी पिढी घातली की तिच्या वरचे सगळे पूर्वज दुसऱ्याचे होतात. अमेरिकेत गुस्ताव्ह आंजू या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत घराण्यांना खोट्या वंशावळी करून विकल्या. त्या छापल्या गेल्या, ग्रंथालयांत गेल्या, आणि त्यांतल्या चुका निस्तरण्याचे काम पुढच्या अभ्यासकांवर येऊन पडले. आपल्याकडे आज तेच सुरू होऊ नये.

आपल्या वृत्तपत्रामार्फत जिल्हा प्रशासनाला एक विनंती. प्रत्येक तालुक्याच्या अभिलेख कक्षात गावनिहाय यादी लावावी: कोणत्या गावाची कोणती रजिस्टरे कोणत्या वर्षांची आहेत आणि कोणत्या वर्षांची नाहीत. ही यादी एकदाच करायची आहे आणि तिला फारसा खर्च नाही. ती असली तर करमाळ्याच्या टोकाच्या गावातून येणाऱ्याला घरूनच कळेल की मधली वर्षे इथे मिळणार नाहीत, निबंधक कार्यालयात जावे. शिवाय अर्जाला लेखी उत्तर देताना ‘नोंद आढळत नाही’ या एकाच वाक्यावर भागवू नये. रजिस्टर उपलब्ध आहे आणि त्यात नोंद नाही, किंवा त्या वर्षाचे रजिस्टरच उपलब्ध नाही, यांपैकी नेमके काय ते लिहावे. पहिल्या उत्तराने एक शक्यता निकालात निघते. दुसऱ्याने काहीच निकालात निघत नाही आणि अर्जदाराला शोध चालू ठेवता येतो.

आपले,
काही मोडी वाचक व दप्तर अभ्यासक,
सोलापूर